पहिल्या नावाचा रकाना

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार पोचला असं समज. वाकून करायचा तर माझी कंबर आणि तुझे पाय एका खोलीत यावे लागतात.

बातमी आहे, बसून वाच. मी नोकरी सोडली आणि कंपनी काढतेय. लिफ्टच्या आवाजावरून तिचा कुठला भाग झिजलाय ते ओळखणारा प्रोग्राम मी सुट्टीच्या दिवशी लिहीत बसायचे, आठवतं? तो आता चालतो. लिफ्टच्या टपावर काडेपेटीएवढी डबी चिकटवायची. ती दिवसभर कान देऊन बसते, आणि काही कुरकुरायला लागलं की दुरुस्तीवाल्याच्या फोनवर सांगते. बारा इमारतींच्या लिफ्ट सांभाळणारा एक ठेकेदार घ्यायला तयार आहे, पण तो एकट्या माणसाकडून घेणार नाही, कंपनीकडूनच घेणार.

परक्या देशाच्या माणसाला इथे कंपनी काढता येते. फक्त संचालक दोन लागतात, त्यातला एक इथे राहणारा. मी राहतेच. दुसरा व्हायला काकांच्या पुतण्यानं, आपल्या दादानं, हो म्हटलंय. पंधरा वर्षं झाली त्याला इथे, आणि नव्या लोकांची असली कागदपत्रं करून देणं हाच त्याचा धंदा. कंपनीचा पत्ताही त्याच्याच ऑफिसचा. ५१ टक्के भाग त्याच्या नावावर आणि ४९ माझ्या, पण ते नुसतं कागदोपत्री. इथला माणूस मोठा दिसला की नोंदणी पटकन होते म्हणाला.

मसुदा जोडलाय. मराठी मशीननं केलंय, तेव्हा हसू नकोस. तू काही करायचं नाहीस, फक्त देवापुढे माझ्या नावानं एक फूल ठेव.

तुझी मिरची


९ फेब्रुवारी

मिरचीस,

देव तुला सुबुद्धी देवो, तिखटपणा त्यानं आधीच भरपूर दिलाय. हे कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. काचेवर बोटानं लिहायला गेलं की माझे काने-मात्रे पळून जातात.

फूल ठेवलं. मग चष्मा लावून मसुदा वाचला, दोनदा. मशीनला हसले नाही. मशीन बिचारं खरं तेच बोललंय. कलम अकरा बघ. "अधिक भाग धारण करणारा संचालक दुसऱ्या संचालकास लेखी कळवून दूर करू शकेल." आता कलम चौदा बघ. "संचालकाने बनवलेली सर्व आज्ञावली, नोंदणीपूर्वीची धरून, कंपनीची राहील." दोन्ही एकाखाली एक लिहून काढ. तुझी डबी कंपनीची, आणि कंपनीतून तुला काढायचा हक्क त्याचा. घर तू बांधायचंस आणि किल्ली त्यानं खिशात घालायची.

"नुसतं कागदोपत्री" हे तुला कुणी शिकवलं? आमच्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त मी नऊ वर्षं लिहिते आहे. तोंडी बोललेलं जिन्यात विरतं, कागदावरचं उरतं. तळमजल्याच्या बाईंनी नुसतं कागदोपत्री म्हणून दिराचं नाव घातलं होतं. आता खिडकीला रंग द्यायचा तर दिराला विचारतात.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "घरचा मुलगा आहे, पोरीसाठी एवढं करतोय, त्यात तुला खुसपट सापडलं. मॅट्रिक झालीस म्हणजे वकील झालीस का?" मी म्हटलं, इथे वकील लागत नाही, वाचता येणारं माणूस लागतं. मग जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं कमी.

सही करू नकोस. आणि एवढी घाई कसली? चांगली चालती नोकरी होती. सहा महिने थांब, दुसरं कोणी भलं माणूस मिळेल.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

सहा महिने माझ्याकडे नाहीत. मी खोटं बोलले. नोकरी मी सोडली नाही, ती डिसेंबरात गेली. एका सकाळी आमच्या गटातल्या नऊच्या नऊ जणांनी दाराला ओळखपत्र लावलं आणि नऊ वेळा लाल दिवा लागला. माझा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. त्याची मुदत ३० एप्रिल. तोवर माझी कंपनी नोंदली गेली तर संस्थापक म्हणून नवा परवाना मिळेल. नाही गेली तर बॅग भरायची. ठेकेदार काही माझ्या परत येण्याची वाट बघत बसणार नाही.

तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. आता सांगितलं, कर काळजी.

तुझी कलमं घेऊन दादाकडे गेले. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मावशीला सांग, भाजीला फोडणी देणं वेगळं आणि कंपनी चालवणं वेगळं."

मी म्हटलं, "बरं, मग निम्मे-निम्मे करू."

"हे बघ, गरज तुला आहे. माझ्याकडे असे महिन्याला दहा जण येतात. शुक्रवारपर्यंत काय ते कळव."

दुसरा संचालक मी कुठून आणू? ओळखीचे सगळे माझ्यासारखेच, एक पाय बॅगेत असलेले. इथला कुणी परक्या पोरीसाठी सही करत नाही. कायद्याचं पान जोडलंय. वाचायची हौस तुलाच आहे ना, मग वाच आणि सांग.

मिरची


१८ फेब्रुवारी

मिरचीस,

तुझ्या खोटेपणावर रागवायचं राहिलं आहे. आत्ता सवड नाही, नंतर सावकाश रागवीन.

पान वाचलं. इथे राहण्याची अट दोघांतल्या एकालाच आहे. दुसऱ्याला तीनच अटी. वय अठरा पूर्ण असावं. दिवाळं निघालेलं नसावं. कोर्टानं वेडा ठरवलेला नसावा. शिक्षण विचारलेलं नाही. नवऱ्याची परवानगी विचारलेली नाही, मी पान उलटंपालटं करून शोधली.

मला अठरा पूर्ण होऊन चाळीस वर्षं झाली. दिवाळं निघायला आधी काहीतरी असावं लागतं. वेडी आहे असं घरात म्हणतात, पण त्यासाठी अजून कोर्टात कुणी गेलेलं नाही. तेव्हा दुसरी संचालक मी होणार.

भाग सगळे तुझ्या नावावर ठेव, मला एकही नको. पण जिथे सही करीन तिथलं सगळं मला समजलं पाहिजे. लिफ्टचे आवाज पाठव, ऐकते. शिवणयंत्राची सुई बोथट झाली की मी न बघता सांगते, हेही त्यातलंच असणार. आणि कलम अकरा आपल्या मसुद्यात येता कामा नये.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "उद्या बुडाली की लोक आपल्या दारात येतील." मी म्हटलं, कंपनीच्या नावापुढेच मर्यादित लिहिलंय, बुडाली तरी मर्यादितच बुडेल. त्यावर म्हणाले, "तू सही करायची नाहीस, मी सांगतोय." चाळीस वर्षांत पुष्कळ सांगितलंत, मी म्हटलं, ऐकलंही पुष्कळ.

फॉर्म पाठव.

मावशी


६ मार्च

मावशी,

फॉर्म पाठवतेय, आणि आठ लिफ्टचे आवाज. उशीर झाला कारण आधी पत्ता मिळवायचा होता. दादाचं ऑफिस गेलं म्हणजे कंपनीला दार नाही. शेवटी मी राहते त्या खोलीखालच्या शिंपीणबाईंनी संमतीपत्र दिलं. कापडाच्या ताग्यांमागची एक फळी आणि बाहेरच्या टपालपेटीचा अर्धा भाग माझा. त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या कंपनीत आवाज होतो का?" मी म्हटलं, नाही, ऐकते फक्त.

दादाला नाही म्हणून कळवलं. आधी हसला. "मावशी? संचालक?" मग हसायचा थांबला. म्हणाला, "नोंदणी कार्यालय नुसत्या नावापुरत्या बाया ओळखतं. अर्ज परत आला की माझ्याकडेच येशील, पण तेव्हा ५१वर भागणार नाही." मी उठून निघाले, मावशी. घरी येऊन भांडी घासली, तीनच होती, पुष्कळ वेळ घासली.

तुझा पासपोर्ट आहे ना, तीर्थयात्रेला जायचं म्हणून काढलेला? नोटरीसमोर सही कर, मग शिक्क्याच्या भाषांतरकाराकडून भाषांतर करून घे. फॉर्म सोपा आहे. नेहमी लिहितेस तसं नाव लिही.

मिरची


१४ मार्च

मिरचीस,

कागद आज कुरियरनं निघाले.

घरात देवळात जाते म्हणून सांगितलं आणि नोटरीकडे गेले. मग खोटं नको म्हणून येताना देवळातही जाऊन आले. देवाला म्हटलं, क्रम चुकला, पोटात घाल.

नोटरीनं कागद वाचला आणि माझ्या पिशवीकडे बघितलं. पिशवीतून दुधी भोपळा डोकावत होता. "आजी, हे कुणाच्या सांगण्यावरून करताय?" मी म्हटलं, "हे वाचून करते आहे. तुम्ही वाचलंत का सगळं?" त्यानं नव्हतं वाचलं. मग वाचलं. भाषांतरकाराचं दुकान त्याच्याच शेजारी, त्यानं दुपारपर्यंत करून दिलं.

आवाज ऐकले. तिसरी आणि सहावी एकाच दुखण्याची आहेत. सातवीत काही बिघाड नाही, कुणीतरी दारात पाय घालून गप्पा मारतंय. बरोबर का ते कळव.

हे काही बोलत नाहीत. पंधरा दिवस झाले.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

तिसरी, सहावी, सातवी, तिन्ही बरोबर. सातवी ओळखायला प्रोग्रामला चार महिने लागले होते.

अर्ज मात्र परत आला. कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीतल्या माणसानं तुझा फॉर्म आणि तुझा पासपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले.

"साऊ कोण?"

"कोण साऊ?"

"तुमची संचालक. फॉर्मवर पहिलं नाव साऊ. पासपोर्टवर साऊ नावाची बाईच नाही. ह्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

मावशी, तू पहिल्या नावाच्या रकान्यात "सौ." लिहिलंस आणि त्याच्यापुढे नाव. भाषांतरकारानं सौ.ला साऊ केलं. मी खिडकीशी उभी राहून हसले आणि मग रडू आलं. तो म्हणाला, असे प्रकार नावापुरते संचालक दाखवणारे लोक करतात, म्हणून आता तुझी व्हिडिओवर मुलाखत होणार. १७ एप्रिलला दुपारी, शपथ घेतलेली दुभाषी त्यांची असेल, मला तिथे बसता येणार नाही. त्यात त्यांची खात्री पटली तर नोंदणी, नाहीतर अर्ज बाद. नवा अर्ज करायला तारखाच उरत नाहीत.

घरी पोचायच्या आत दादाचा फोन आला. त्याला सगळं माहीत होतं, साऊसकट. मसुदा तयार आहे म्हणाला, आता ६० त्याचे. मी तर कुणाला बोलले नव्हते.

मी दमलेय. चाळीस टक्के म्हणजे शून्य तर नाही. सही करून टाकू का?

मिरची


४ एप्रिल

मिरचीस,

नाही.

सौ.ची चूक माझी. नेहमी लिहितेस तसं नाव लिही म्हणालीस आणि मी तसंच लिहिलं. लग्न झाल्यापासून रेशनकार्डाच्या अर्जावर, देणगीच्या पावतीवर, इतिवृत्ताखाली, सगळीकडे तेच. हात आपोआप आधी ते अक्षर काढतो आणि मग माझ्यापाशी येतो. पासपोर्टाच्या वेळी तिथल्या कारकुनानं खोडलं होतं, ते मी विसरले.

दादाला कसं कळलं तेही कळलं. कार्यालयाचा निरोप मलाही आला होता, पण फॉर्मात मी ह्यांच्या फोनवरचा ईमेल पत्ता दिला होता. ह्यांनी वाचला आणि मला न सांगता पुतण्याला पाठवला. विचारलं तर म्हणाले, "घरातली गोष्ट घरातल्या माणसाला सांगितली." मी म्हटलं, "ते माझं टपाल होतं." "तुझं-माझं वेगळं कधीपासून?" "काल संध्याकाळपासून."

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडे बसून मी माझा स्वतःचा ईमेल पत्ता उघडला आणि कार्यालयाला कळवला. पासवर्ड ह्यांना माहीत नाही. तुलाही सांगणार नाही.

आता तुझं. त्या मुलानं ५१चे ६० केले, कारण तू दमलीस हे त्याला दिसलं. पुढच्या आठवड्यात सत्तर म्हणेल. अर्ज बाद झाला तर बॅग भर आणि ये. तुझी डबी तुझीच राहील, कुठल्याही गावात लिफ्ट असतात. पण स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या स्वाधीन करून तिथे राहायचं आणि त्याच्या दारातून रोज आत जायचं, हे मी तुला वाढवलं त्यात कुठे बसतं ते मला दाखव. लोक म्हणतात माय मरो मावशी जगो. तुझ्या आईला असलं बोलणं आवडलं नसतं, पण ही सही त्याहून आवडली नसती.

सतरा तारखेपर्यंत पेनाला हात लावू नकोस.

मावशी


१७ एप्रिल

मिरचीस,

झालं. जसं झालं तसं लिहिते, इतिवृत्तासारखं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्याला टेकून फोन ठेवला. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. अधिकारी तरुण होता, दुभाषी बाई पन्नाशीच्या. आधी पासपोर्ट तोंडाजवळ धरायला लावला.

"तुमचं पहिलं नाव सांगा." सांगितलं.

"मग साऊ कोण?"

"साऊ नाही, सौ. सौभाग्यवती."

बाई जरा अडखळल्या, मग त्याला लांबलचक काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, "थोडक्यात अर्थ काय?"

"नवरा हयात आहे."

त्यानं लिहून घेतलं. "तो कंपनीत आहे?"

"नाही."

"तो हयात असण्याचा कंपनीशी काही संबंध?"

बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता थांबलं. मी म्हटलं, "नाही."

"मग ते पहिल्या नावाच्या रकान्यात कशासाठी?"

मिरची, चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेलाच नाही. मी म्हटलं, "सवय."

"ठेवायचं असेल तर पासपोर्ट बदलून आणावा लागेल. काढायचं असेल तर आत्ता इथे सांगा, मी नोंद करतो."

"खोडा."

बाईंनी मला मराठीत परत विचारलं, "नक्की?" ते त्यांच्या कामात बसत नसावं. मी म्हटलं, नक्की.

मग त्यानं कंपनी काय करते ते विचारलं. सांगितलं. "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, बेअरिंग कोरडं पडलं की कीं-कीं करतं, गेलंच की खर्र करतं, आणि दोर सैल असला की सुरू होताना ठक्. बाईंना कीं-कीं पुढे नेता येईना. मग मीच त्याला तिन्ही आवाज तोंडानं काढून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, त्याच्या कार्यालयातली लिफ्ट खर्र करते. मी म्हटलं, मग आज जिन्यानं उतरा.

शेवटी, "संचालक व्हायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. करू नको म्हणून मात्र दोघांनी सांगितलं."

फोन बंद केला तर हे दारात उभे. टपालाच्या भांडणानंतर आज बोलले. "मला खोडलंस?"

"तुम्हाला नाही. एका अक्षराला."

"म्हणजे मी हयात नाही?"

"आहात. कंपनीत नाही."

चहा मागितला, मी दिला. साखर रागानं स्वतःच्या हातानं घातली, जास्त पडली, तरी प्यायले. निकाल काही लागो, पेन बाजूलाच ठेव.

मावशी


२६ एप्रिल

मावशी,

प्रमाणपत्र आलं. संचालक दोन. पहिली मी, दुसरी तू, पासपोर्टवर आहेस तशी. त्याच दिवशी धावत परवान्याच्या कार्यालयात गेले, आणि काल संस्थापक म्हणून नवा परवाना हातात पडला. दोन वर्षांचा. ठेकेदारानं बाराही इमारतींसाठी करार केला. शिंपीणबाईंनी टपालपेटीवर कंपनीचं नाव स्वतः शिवून लावलंय, कापडावर, लाल दोऱ्यानं.

दादाचा निरोप आलाय. अभिनंदन, आणि सल्लागार म्हणून घेणार का. मी नाही कळवलं, दोन ओळींत.

आता एक विचारायचंय. रविवारी काकांनी मला फोन केला, तुला न सांगता. इकडचं-तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "त्या प्रमाणपत्रावर माझं नाव कुठेच नाही का गं?" मला वाईट वाटलं, मावशी. माझ्या भागातला एक टक्का त्यांच्या नावावर करू का? एकानं काही बिघडत नाही, आणि तुमच्या घरात शांतता होईल. भाग द्यायला दोन्ही संचालकांची सही लागते, म्हणून ठराव जोडलाय. तू फक्त सही करून पाठव.

मिरची


२८ एप्रिल

मिरचीस,

परवान्याचं वाचून देवापुढे बसले, उठायचं भान राहिलं नाही. दूध उतू गेलं.

ठराव मिळाला. वाचला. दुसऱ्या संचालकाचा विरोध आहे, तसं लिहून ठेव. सभा पहिली आणि विरोधही पहिलाच, तेव्हा इतिवृत्तात शब्द गाळू नकोस. फक्त सही करून पाठव, असं ह्या संचालकाला पुन्हा म्हणू नकोस, हेही लिही.

आमच्या घरातली शांतता मी बघते. त्यासाठी कंपनीचा टक्का लागत नाही.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, लपवलं नाही. म्हणाले, "मी काही फुकट मागत नव्हतो." मी म्हटलं, बरोबर आहे, मग काम मागा. आमच्या सोसायटीच्या दोन्ही लिफ्टचे आवाज रोज सकाळी टिपून ठेवायला तुला माणूस हवंच असेल. ह्यांना हवं असेल तर रीतसर अर्ज करतील. फॉर्म पाठव, कोरा. पहिल्या नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहायचं. अमकीचा नवरा असं लिहून आलं तर मी परत पाठवीन.

मावशी
(संचालक)